गळतीखालची पिल्लं

थेंब थांबला. मी पाटावर बसले होते, सासूबाई सांगून गेल्या होत्या तशी, हात मांडीवर उताणे टाकून, आणि पडवीतून सकाळपासून येणारा टप, टप आवाज एकदम आलाच नाही. म्हटलं, येईल. मडक्याच्या भोकातली वात जरा अडकली असेल. आला एक. मग कितीतरी वेळ काही नाही. मग आणखी एक आला, बारीकसा, आणि बंद. माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की पोटातलं पोर पण हललं. उठले तर ह्याचं काय होईल, आणि नाही उठले तर त्या पिल्लांचं काय होईल, एवढंच डोक्यात, आणि घरात दुसरं माणूस नाही.

नीट सांगते, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, एकामागून एक सांगायची सवय नाही.

आमचं घर बंदराच्या वाटेवर. हे माशांच्या सरकारी कचेरीत रोजंदारीवर होते. तिथल्या साहेबांना मासे पाळून बघायचा नाद, खायचे नाही, पाळायचे. त्यांनी कुठून तरी दक्षिणेकडच्या बेटांवरून एक जोडी आणवली होती, आगबोटीतून, डब्यात घालून. भगव्या रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढे. साहेब म्हणायचे, इंग्रजीत ह्याला सर्कशीतला विदूषक म्हणतात. कचेरीचं छप्पर उतरवलं होतं दुरुस्तीला, म्हणून काचेची पेटी आली आमच्या पडवीत. समुद्र जवळ, पाणी आणायला सोपं. सासूबाई पहिल्या दिवशी पेटीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, कालवणाला पुरायचे नाहीत हे, ह्यांच्यासाठी सरकार पगार देतं?

पण नंतर स्वतःच सारख्या पडवीत जाऊन बसायला लागल्या. मादीने कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली, नारिंगी, अगदी चिकटून चिकटून, आणि नर रात्रंदिवस त्यांना कल्ल्याजवळच्या परांनी वारा घालत राहिला. एखादं अंडं खराब झालं की तोंडाने उचलून टाकायचा. सासूबाई ह्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "बघा, बाप्यामाणूस पोरं राखतोय. आमच्याकडे एकाने कधी पाळण्याची दोरी ओढली नाही." हे हसायचे, मान खाली घालून. मी आत भाकऱ्या थापता थापता हसायची. चांगले दिवस होते ते, तेव्हा कळलं नाही.

अंडी पुढे रुपेरी झाली, आत डोळे दिसायला लागले. फुटली की पिल्लं वेगळी काढायची, नाहीतर मोठे मासेच खातात. आधी दोनदा फुटली होती, तेव्हा सगळी मेली. साहेब म्हणाले, आपल्याकडे कोणी जगवलेली नाहीत. ह्यावेळी त्यांनी युक्ती काढली. पिंडीवर अभिषेकाचं गळतं पात्र असतं ना, तसं मातीचं मडकं टांगलं दोरीने, खाली भोक, भोकात वात, आणि त्याखाली पांढरा एनॅमलचा टप. थेंब पडत राहिला की पाणी हलतं, त्याच्याबरोबर हवा आत जाते, पिल्लं श्वास घेतात. मडकं रिकामं व्हायला आलं की वाटीच्या तोंडाला मलमल बांधायची म्हणजे पिल्लू वाटीत येत नाही, आणि टपातलंच पाणी काढून वर ओतायचं. बस, एवढंच काम. पण सारखं. ते मला दिलं होतं. हाताला खोबरेल लागलेलं चालायचं नाही, साबण चालायचा नाही, मी राखेने हात घासून पुन्हा खाऱ्या पाण्यात धुवायची.

आणि खरी गोष्ट अशी, की मुंबईहून मोठे साहेब येणार होते कचेरी बघायला. आमच्या साहेबांनी ह्यांना सांगितलं होतं, पिल्लं तेवढी जगलेली दाखवता आली तर मला तोंड आहे, तुला कायम करा असं म्हणायला. नाहीतर छप्पर झालं की रोजंदारीवाल्यांना नारळ. ह्यांचे दोघे भाऊ मुंबईला गोदीत. ह्यांना जायचं नव्हतं. मला सहावा सरून सातवा लागला होता, आणि हे म्हणायचे, मी पोर जन्मलं की बघणार, पत्रातून नाही.

अंडी फुटली ती संध्याकाळची. काय सांगू, पिल्लं म्हणायची ती, पण नुसते दोन काळे ठिपके आणि मागे काचेचा धागा. शेकड्यांनी. दिवा एका बाजूला धरला की सगळी तिकडे जायची. मी वाकून बघत बसले आणि माझं पोट टपाला लागत होतं. ह्यांना भीती वाटत होती मी टप सांडीन.

दुसऱ्या दिवशी ग्रहण. सूर्याचं, भर दिवसाचं.

पोटुशीने ग्रहणात काय करायचं ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पाटावर बसायचं, सरळ. चिरायचं नाही, शिवायचं नाही, वाकायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही, अंगाला खाज आली तरी नखाने खाजवायचं नाही. ह्यातलं काही खोटं म्हणायची माझी हिंमत नव्हती. वरच्या आळीतल्या एका बाईने ग्रहणात विळीवर केळफूल चिरलं म्हणतात. तिच्या पोराचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. मी गेले होते बघायला, नवीन लग्न झालं होतं माझं. ती त्याला पाजत होती आणि दूध त्याच्या नाकातून परत येत होतं. मी ते विसरले नाही, अजून विसरले नाही.

सकाळी साहेब आणि हे होडीने खाडीच्या पलीकडे गेले. पिल्लांचं खाणं म्हणजे तिथल्या खडपांत, खडकांच्या खळग्यांत साचलेलं पाणी, बारीक फडक्यातून गाळलेलं, त्यात डोळ्यांना दिसत नाहीत असे किडे असतात. ताजंच लागतं. ग्रहण लागायच्या आत परत येतो म्हणाले. सासूबाई वाट बघून बघून बायकांबरोबर समुद्रावर गेल्या, ग्रहण लागताना बुडी मारायची आणि सुटल्यावर दुसरी, मधला वेळ तिथेच वाळूत बसून देवाचं नाव घ्यायचं. जाताना मला पाटावर बसवलं. मी म्हटलं, मडकं? त्यांनी बघितलं, मी नुकतंच काठोकाठ भरलं होतं. म्हणाल्या, पुरेल सुटेपर्यंत, आणि तो येतोच आहे.

पुरलं नाही. आणि हे आले नाहीत. नंतर कळलं, होडीवाल्या तांडेलाने पलीकडेच होडी ओढून ठेवली. ग्रहण लागलेलं असताना पाण्यात घालणार नाही म्हणाला, साहेबांनी किती सांगितलं तरी ऐकेना.

मी तर काही जाणत नव्हते. मी आपली बसलेली. उजेड पिवळा पिवळा झाला, मग राखाडी. कावळे ओरडायचे थांबले. कौलांच्या फटीतून जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडतात ना, ते सगळे वाकडे झाले, कोयतीच्या पात्यासारखे, सगळ्या माजघरभर कोयत्या. मी पदराने पोट झाकलं. आणि तेव्हाच तो थेंब थांबला.

मी मोजायला लागले मनात, किती वेळ तग धरतील. साहेब म्हणाले होते थोडा वेळ थांबलं तर चालतं. थोडा म्हणजे किती, ते मी विचारलं नव्हतं. टपात कालचं खाणं होतं, पाणी जड झालेलं. पिल्लं वर येऊन तोंडं उघडत असतील असं मला दिसायला लागलं, भिंत मधे असून दिसायला लागलं. एकदा मी अर्धी उठले. खरंच उठले, हात टेकून. पोटात पोराने असा जोरात पाय मारला की मी मटकन खाली बसले. मला वाटलं त्यानेच बसवलं.

मग गडग्यापलीकडून चाचीचा आवाज आला. शेजारची चाची, तिचा नवरा आफ्रिकेच्या बोटीवर, माझ्यावर तिची माया. म्हणाली,

"काय गो सूनबाय, एकटीच हाईस काय? सासू दर्यावर गेली?"

मी आतूनच हो म्हटलं.

"काय लागलं-बिगलं तर हाक मार. मी इथेच हाय, सुकट राखतंय."

मी म्हटलं, "नको चाची, काही नको."

का म्हटलं? आमच्या घरात चाची पडवीच्या पायरीपर्यंत यायची. ईदेला शेवया यायच्या त्या पायरीवर ठेवायची, आम्ही लाडू तिथेच द्यायचो. आमच्या पाण्याच्या भांड्याला तिने कधी हात लावलेला नाही, तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिने कधी विचारलं नव्हतं. त्यात ग्रहण. मला वाटलं, मी तिला आत बोलावून भांड्याला हात लावायला सांगितलं तर सासूबाई काय म्हणतील. एवढंच. पिल्लं मरत होती आणि मी सासूबाई काय म्हणतील ते बघत होते. चाची सुकटीवरच्या मांजराला हाकलत होती, मला ऐकू येत होतं. दहा पावलांवर होती. मी हाक मारली नाही.

ग्रहण सुटलं तेव्हा सासूबाई ओलेत्याच आल्या. मी पाटावरून ओरडले, मडकं बघा. त्या आधी मला बघायला आल्या, तोंडावरून हात फिरवला, मग पडवीत गेल्या. मी उठून गेले. टपाच्या तळाशी पीठ सांडल्यासारखं झालं होतं. चार-दोन हलत होती, कडेला. मी मलमल बांधली, पाणी वर ओतलं, ओतत राहिले, हे आले तोपर्यंत तीही थांबली.

ह्यांच्या हातात खाण्याच्या पाण्याचा डबा होता. तो त्यांनी खाली ठेवला, झाकण न काढता. मी सगळं सांगितलं, चाचीचं पण. सांगायला नको होतं, पण सांगितलं.

सासूबाई लुगडं पिळत होत्या. त्या म्हणाल्या, "अगो, समुद्राचं पाणी ते. त्याला कसला आलाय विटाळ? घालू द्यायचं होतंस की तिला."

रागाने नव्हत्या बोलल्या. सहज बोलल्या, आमटीत मीठ घालायचं राहिलं असं सांगतात तसं. ज्यांच्या भीतीने मी तोंड मिटून बसले त्यांना त्याची काही भीतीच नव्हती.

हे एवढंच म्हणाले, "तिने तरी काय करायचं होतं." आणि टप घेऊन समुद्राकडे गेले.

मोठे साहेब आले, रिकामा टप आमच्या साहेबांनी त्यांना दाखवला पण नाही. छप्पर झालं, पेटी कचेरीत गेली, ह्यांना नको सांगितलं. शिमग्याच्या आधी हे आगबोटीत बसले. मी बंदरावर गेले नाही, पाय सुजले होते. चाची गेली. येऊन मला सांगितलं, वळून वळून बघत होता गो.

पोर झालं तेव्हा सुईणीने नाळ कापायच्या आधी सासूबाईंनी दिवा जवळ आणून त्याचा ओठ बघितला, बोटं बघितली, कान बघितले. सगळं जागच्या जागी. त्या रडल्या. मला म्हणाल्या, "बसलीस म्हणून. बघ, बसलीस म्हणून."

आता ते रांगतं. ह्यांना गोदीत काम लागलं आहे, गणपतीला आठ दिवस आले होते. पोराने त्यांना बघून भोकाड पसरलं, मला सोडेना. हे हसले, पुन्हा मान खाली घालून, पण ते हसणं निराळं. रात्री मी विचारलं, माझ्यावर राग आहे का. म्हणाले, नाही गो, पोर चांगलं आहे ना. आणि कूस बदलली.

मला वाटतं उठायला हवं होतं. मग पोराला पाजायला घेते, ते ओठ गच्च लावून पितं, थेंब बाहेर सांडत नाही, आणि मला वाटतं, बरं झालं नाही उठले. मग मला चाची आठवते, आणि वाटतं, उठायची गरजच कुठे होती, नुसती हाक मारायची होती. मग झोप लागत नाही. कोणी म्हणतं ओठाचं काही खरं नसतं, आमचे साहेब पण तसंच म्हणाले होते. पण ते म्हणाले नंतर, आणि पोट त्यांचं नव्हतं.

तुम्ही शिकलेल्या असाल, माझ्यापेक्षा जास्त. तुम्हीच सांगा, सातव्या महिन्यात त्या पाटावर तुम्ही बसलेल्या असता, ओठ फाटलेलं पोर तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं असतं, आणि नवऱ्याचं घरी राहणं त्या टपात असतं, तर तुम्ही काय केलं असतं?