जळलेली मोटर

सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून दिवसाला चार-चार चादरी धुवाव्या लागत, आणि आठवडाभर ऊन नव्हतं. त्यातच आमच्या वॉशिंग मशीनचा ड्रायर नुसता घुं घुं करू लागला, फिरेना. मेकॅनिकने कपॅसिटर बदलून पाहिला, मग मान हलवली.

"ताई, मोटरच जळलीय. नवी उद्या मिळेल."

"तोवर त्यांना ओल्यात निजवू का?" मी ओरडलेच.

आजच कुठे मिळते का ते पाहायला तो मोटर शोधत गेला. मी इस्त्रीने चादर वाळवत रडत होते. एका माणसाचं अंग थकलं की सगळं घर नारळाएवढ्या मोटरवर टेकून उभं राहतं.

संध्याकाळी नवी मोटर बसली, ड्रायर गरगरला. आतून सासूबाईंचा क्षीण आवाज आला, "सुधा, माझ्यामुळे मोडलं का गं ते?"