गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी

कुरुंद्याच्या माझ्या आत्यानं मला तारलं. तिला कम्प्युटर माहीत नाही, आणि मी इकडं बंगळुरूत नेमकं काय करतो तेही मला तिला कधी नीट सांगता आलं नाही.

नववीत शाळा सोडली. मोबाइल दुरुस्ती शिकत शिकत एका छोट्या कंपनीत लागलो. माणसासारखी उत्तरं देणारं मोठं मॉडेल लहान करायचं, नेट नसलेल्या साध्या फोनवर चालवायचं, हे काम. मॉडेल म्हणजे आकड्यांचे थरावर थर. आकड्यांची दशांशचिन्हापुढची शेपटी छाटली की ते कमी जागेत मावतं. मी सगळे थर सारखेच छाटले. फोनवर बसलं बराबर, पण तापातल्या माणसासारखं एकच वाक्य बरळायला लागलं. सोमवारपर्यंत जमलं नाही तर नोकरी पक्की होणार नव्हती. भोवती सगळे इंजिनिअर. कुणीतरी आता दहावीचं सर्टिफिकेट मागेल, असंच वाटत राहायचं.

रविवारी आत्याचा फोन आला. हळद शिजत होती तिकडं.

"काहून रं, रडल्यावानी बोलून राहिला?"

"काम नासलं, आत्या. मोठी चीज बारीक करायची होती. समद्याला एकच माप लावलं."

"मंग नासंलच. लहानपणी बी तू तेच केलतं. जेठे गड्डे आन् हळकुंडं एकाच कढईत ओतली. हळकुंडांचा गाळ झाला, गड्डे कच्चेच."

"तवा तू मारलं न्हाईस मला."

"दोन्ही हातांत टोपलं होतं म्हणून."

मला ते अंगण दिसलं. मुळाशी वाढलेले जाड गड्डे एकीकडं, बोटाएवढी हळकुंडं एकीकडं निवडणाऱ्या बाया, त्यांची पिवळी बोटं, ओल्या वाफेचा तो मातकट वास.

फोन ठेवला आणि एकेक थर वेगळा छाटून पाहिला. बहुतेकांना काही झालं नाही. थोडेच असे निघाले की हात लावला की बरळणं सुरू. ते होते तसे ठेवले, बाकीचे आणखी छाटले. सोमवारी साहेबांच्या हातातल्या स्वस्त फोननं त्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं. नोकरी पक्की झाली. धास्ती अजून पुरती गेलेली नाही.

आत्या, हळदीच्या एका हंगामाला मी सुट्टी काढून येतो. कढईपाशी धुरात मी उभा राहीन. तू सावलीत बसायचं, आणि टोपल्याला हात लावायचा नाही.