इस्त्रीला आलेला लहान शर्ट

तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचा ठेला आहे. दर रविवारी तिथे एक पायलट दोन पांढरे शर्ट घेऊन यायचा, एक मोठा, एक लहान. खांद्यावरच्या पट्ट्या आधीच काढून खिशात ठेवायचा आणि इस्त्री होईपर्यंत तिथंच उभा राहायचा.

एकदा इस्त्रीवाला लहान शर्टाची न मोडलेली घडी दाखवत म्हणाला, "भैया, छोटेवाले की तो तह भी नहीं खुली."

"हव, फिर भी कर दो."

मी विचारलं, "हा कोणाचा?"

"पोरीचा. तीपण पायलट आहे, माह्याच कंपनीत. चार महिने झाले, बिनपगारी घरी बसवलं तिले."

मी भडकलोच. "अन् तुमची युनियन काय करून राहिली?"

तो खिशातल्या पट्ट्या चाचपत राहिला. "युनियननं आम्हाले वाचवलं न. कपात करायची तर शेवटी लागलेल्यापासून करा, जुन्यांले हात लावू नका, असं भांडून लिहून घेतलं. युनियनकडून सही माहीच आहे. यादीत पहिलं नाव तिचं निघालं."



शर्ट झाले. मोठा त्यानं काखेत मारला. लहान मात्र चुरगळू नये म्हणून दोन्ही तळहातांवर आडवा धरून घरापर्यंत नेला.