झरीच्या पोडावर, मुक्ताबाईंची पोच पाहायला

बाबा आता यवतमाळच्या घराबाहेर फारसे पडत नाहीत. या डिसेंबरात मी आठवडाभर माहेरी गेले, तेव्हा ते म्हणाले, "झरीला जाऊन ये. मुक्ताबाईंच्या घरी कोणी असेल, तर माझा नमस्कार सांग."

मुक्ताबाईंची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. जंगलाला लागून असलेल्या कोलाम आदिवासींच्या वस्तीतल्या, निरक्षर. पिढ्यान्पिढ्या कसतो ती जमीन आमच्या नावावर करा, असा अर्ज घेऊन त्या तहसील कचेरीत आल्या. तिथे कारकून होते माझे बाबा. नमुन्यात बसत नाही म्हणून त्यांनी अर्ज घेतला नाही. बाई व्हरांड्यात बसून राहिल्या. चौथ्या दिवशी बाबांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहून दिला आणि तो मिळाल्याची सही करून पोच दिली. त्यावरून वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पुढे उमरखेडला बदली झाली. "नोकरी मला त्या बाईंनी शिकवली," असं ते आजही म्हणतात.

सकाळची एसटी धरून पांढरकवडा गाठलं. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे स्वस्तात काम होतं. स्टँडबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या, कारण पुढे खाण्याचं काही सांगता येत नाही. झरीकडच्या गाड्याही मोजक्याच. परतीची वेळ आधीच विचारून ठेवा. झरीहून मी ऑटो केला. शेवटचा रस्ता खडीचा, दोन्ही बाजूंना साग आणि मधूनच वेचणीला आलेला कापूस.

वस्तीला इथे पोड म्हणतात. मुक्ताबाई काही वर्षांपूर्वी वारल्या. त्यांची मुलगी सुगंधाताई शाळेच्या ओट्यावर भेटली. आठवड्यातून एकदा ती तिथे लोकांचे कागद वाचून देते. समोर रेशनकार्डासाठी अर्ज केलेले एक आजोबा बसले होते. कचेरीत उद्या या म्हणतात, अशी त्यांची तक्रार होती.

"अर्ज घेतला का त्यायनं?" सुगंधाताईनं विचारलं.

"घेतला."

"मंग पोच कुठं हाय? पोच घेतल्याबिगर उठाचं नाही, आजा. माय काय सांगे?"

आजोबा हसले. मग तिने त्यांना अर्जाची दुसरी प्रत लिहून दिली, पोचेचा शिक्का मारून आणायला.

त्यानंतर मी माझी ओळख सांगितली. तिने समोरचे कागद आवरले. मला घरी घेऊन गेली, ज्वारीची भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी वाढली. जेवण झाल्यावर तिने एक फाइल आणली. पोडातल्या प्रत्येक घराच्या पोचा त्यात होत्या. पुढे वनहक्काचा कायदा आला तेव्हा, जमीन आम्ही आधीपासून कसतो हे याच कागदांनी दाखवता आलं, असं ती म्हणाली. सगळ्यात खाली मुक्ताबाईंची पोच होती, तिच्यावर बाबांची सही.

मी बाबांचा नमस्कार सांगितला. मग धीर करून विचारलं, मुक्ताबाई त्यांच्याबद्दल काय म्हणायच्या?

सुगंधाताई म्हणाली, "तीन दिवस बसवलं, हे सांगे. चौथ्या दिवशी हातानं लिहून देल्लं, हेबी सांगे. माय दोन्ही सांगे."

निघण्याआधी ती मला शेतावर घेऊन गेली. सातबाऱ्यावर नाव लागलेलं ते शेत, कमरेपर्यंत तूर. मी आभार मानले, तर तिला कशाचे ते कळेना.

संध्याकाळी यवतमाळला पोचले. बाबांना काय सांगावं, याचा विचार मी एसटीत बराच केला होता. चांगलं तेवढंच सांगावं असंही मनात आलं होतं. पण शेवटी सुगंधाताईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

बाबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मुक्ताबाईंनी दोन्ही सांगितलं, म्हणजे त्यांनी मला होतो तसा लक्षात ठेवलं. मी तर घरी नेहमी ते तीन दिवस एका वाक्यात उरकून चौथ्या दिवसावर येत आलो."

आणि मग, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, त्यांनी मला ते आधीचे तीन दिवस एकेक करून सांगितले.