आईचा अंगठा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय—का, ते विचारू नका.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात बसून कथा लिहायचो. दुसरं काही धड करत नव्हतो; आई चार घरची धुणीभांडी करायची, त्यावर आमचं चालायचं. मासिकाला कथा पाठवताना सोबत परतीचं पाकीट जोडावं लागे, वर आपलाच पत्ता घालून. त्यामुळं पोस्टमननं माझ्याच अक्षरातलं पाकीट पुढं केलं की फोडायचीही गरज नसायची—साभार परत! आई दारातच विचारायची, छापून आलं का रं? किती वर्षं माणसानं नाही म्हणायचं?

एका दिवाळीत मी हो म्हणालो. एक दिवाळी अंक विकत आणला, दुसऱ्याच कुणाची कथा उघडली, आणि पानाकडं बघत माझी परत आलेली कथा तिला घडाघडा ऐकवली. पाठच होती. आई रडली. मग म्हणाली, "तुजं नाव कुटं हाय? माजं बोट ठेव की तितं."

ठेवलं. परक्या माणसाच्या नावावर—मी स्वतः, तिचं बोट हातात धरून.

अंक तिनं फडक्यात बांधून बुद्धाच्या तसबिरीशेजारी ठेवला. कुणाला हात लावू द्यायची नाही. बरंच झालं, असं मला वाटायचं—काय माणूस मी!

पुढं वस्तीत मोठ्या माणसांसाठी साक्षरता वर्ग निघाला. आई पाटी घेऊन आली. तिला आधी माझं नाव शिकायचं होतं, अंकातलं स्वतः वाचायला. तेव्हा तरी खरं सांगायचं ना? पण मी हसलो तिला. म्हणालो, "लेखकाची आई म्हातारपणी पाटी घेऊन बसणार? लोक काय म्हणतील?" पोरं शिकावीत म्हणून जिथं बायका उपाशी राहिल्या, त्या वस्तीत मी हे बोललो. दुसऱ्या दिवशी तिनं पाटी शेजारच्या पोरीला देऊन टाकली.

त्यानंतर मी लिहिणं सोडलं, एका दुकानात हिशेबाला लागलो. लिहिणं सुटल्याचं आईला मात्र कधी कळू दिलं नाही.

काही वर्षांनी तिचं ऑपरेशन ठरलं. तिची सही हवी होती. नर्सनं विचारलं, आजी, लिहिता येतं का? आई माझ्याकडं बघून हसली.

"मला कशाला याया पायजे? माजा ल्योक लिवतो की."

नर्सनं शाईचा पॅड पुढं केला. मी तिचा अंगठा धरला आणि कागदावर टेकवला.