बोकडातला दोष

राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर बोकड घरचाच होता. काळाभोर, भरदार, आणि वास असा की पाहुणे नाकाला पदर लावायचे. शेळी माजावर आली की धावून जायचा, तिच्यावर उडायचा. मांड्यांशी केस दाट होते. तिथं वाकून कुणी पाहिलंच नाही.

शेळ्या मात्र गाभण राहीनात. काही आठवड्यांनी पुन्हा माजावर यायच्या. सासूबाई म्हणाल्या, "वांझ निघाल्या मेल्या."

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मला मूल नव्हतं. तो शब्द कानावर पडायचा, पण आत कुठं लागायचा नाही.

दोन शेळ्या बाजारात पाठवल्या. त्यातली कबरी माझ्या माहेरची. ती टेम्पोत चढेना, तेव्हा मीच तिला मागून ढकललं. रडू आलं नाही.

पुढं जनावरांचे डॉक्टर उरलेल्या शेळ्यांना लस टोचायला आले. बोकडाला धरताना त्यांचा हात खाली गेला आणि थांबला.

"याची पिशवी तर रिकामी आहे. दोन्ही अंडं पोटातच राहिलीत."

"पन उडतोय की तो," सासूबाई म्हणाल्या.

"उडणारच. माज असतो, बीज नसतं. पोटातल्या उष्णतेत बीज तयारच होत नाही. एक जरी खाली उतरलं असतं, तरी पिल्लं झाली असती. तरी असा बोकड पैदाशीला ठेवू नये, दोष पिल्लांत जातो."

"मंग शेळ्या?"

"शेळ्यांना काय झालंय?"

माझे मालक बोकडाची शिंगं धरून उभे होते. डॉक्टर गेल्यावर ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "आपन नगरला जाऊ. मीबी तपासून घेतो."

इतकी वर्षं तपासणी माझीच झाली होती.

बोकड खाटकाकडं गेला. शेजारच्या वस्तीवरचा बोकड आणला, तर उरलेल्या शेळ्या पहिल्याच खेपेला गाभण राहिल्या. नगरच्या डॉक्टरांनी मालकांचा रिपोर्ट पाहून सांगितलं, दोष त्यांच्यात आहे. बीज फारच कमी, उपचार करून बघू.

एसटी स्टँडवर मालक म्हणाले, "आईला मी सांगतो. तू काय बोलू नको."

मी मान हलवली. हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली होती. आता हलकं वाटेल, रडू येईल, असं वाटलं होतं. त्यांनी वडापाव आणून माझ्या हातात दिला. मला भूक लागली होती. मी खाल्ला.