मुक्कामाचं बंदर

दत्तूतात्या माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी टेबलावरचा क्रूझचा नकाशा स्वतःकडे ओढला. सिंगापूरवर उजव्या हाताचा अंगठा ठेवला, फुकेतवर डाव्या हाताचा, आणि मला विचारलं, "मॅडम, ही दोन झाकली तर मागं काय उरतंय?"

सांगलीच्या स्टँडपासून चार मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर माझं सहलींच्या बुकिंगचं ऑफिस आहे. एकवीस वर्षं मी लोकांना परगावी पाठवते आहे. समोरचा खुर्चीत बसायच्या आधीच तो काय विचारणार हे मला कळतं. जेवण शाकाहारी मिळेल का, खोलीला खिडकी आहे का, समुद्र लागतो का. या तिन्हींची उत्तरं मी छापूनच ठेवली आहेत. काय उरतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

"उरतात बरीच," मी म्हणाले. "पण तिकडं फारसं कुणी जात नाही, काका."

"मग झ्याक हाय. आनी काका नगा म्हनू, तात्या म्हना. आता सांगा, गाडी मुक्कामाला कुटं असती?"

"गाडी नाही, जहाज."

"त्येच वो. मुक्काम कुटं करतंय?"

तात्या कवठे महांकाळच्याही पुढच्या एका लहान गावचे. उंच, किंचित वाकलेले, पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. कंडक्टरला आपल्याकडे खेड्यात मास्तर म्हणतात, आणि तात्यांना ते शोभायचंही. बोलताना ते उभेच राहायचे. खुर्ची दिली तरी पाठ टेकायचे नाहीत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, बायको जाऊन दीड. एकुलता मुलगा बंगळूरला नोकरीला. वडिलांनी घरात एकटं बसू नये म्हणून त्यानं त्यांना वर्षापूर्वी एका मोठ्या क्रूझवर पाठवलं होतं, सिंगापूर आणि फुकेतच्या. झाकलेली बंदरं ती.

"कशी झाली होती सहल?" मी विचारलं. हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते आणि उत्तर लिहून ठेवते.

"जेवान लय. झोपायला गादी अशी, की पाठ दुखाय लागली. पर खाली उतरलो तर सा जहाजं लायनीत. झेंडा घेऊन एक पोरगी पुडं, आमी मागनं. आवं, मेंढरं बी एवढी सरळ चालत न्हाईत. सगळी जोडीजोडीनं फोटू काढत हुती. मला म्हनायची, काका, जरा आमचा काढता का. दिसभर मी दुसऱ्याचं फोटू काढलं."

मग म्हणाले, "जितं धा गाड्या लागत्यात, तितं कुनाची वाट कोन बघत न्हाई, मॅडम. गाव बगायचं तर शेवटच्या थांब्याचं बगावं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पुढे मी ते पुष्कळदा ऐकलं.

मुलगा पुन्हा एका सहलीचे पैसे देणार होता, या वेळी ठिकाण निवडायचं होतं तात्यांनी. त्यासाठी ते चार वेळा आले. दुपारी अडीचला यायचे आणि पाच वाजता उठायचे, घड्याळ न बघता. मला काम नीट आखून करायची सवय आहे, म्हणून त्यांच्या प्रश्नांचे मी रकाने पाडले. त्या दिवशी बंदरात आणखी किती जहाजं. धक्क्यापासून गाव चालत किती मिनिटं. रात्रीचा मुक्काम आहे की संध्याकाळीच निघायचं. खरं सांगायचं तर माझ्या छापील कागदापेक्षा हे रकाने उपयोगाचे निघाले. आजही कुणी आडबाजूचं बंदर मागितलं की मी तेच वापरते.

एकदा मी त्यांना एका सुंदर बेटाचा फोटो दाखवला. पांढरी वाळू, माडाच्या रांगा.

"हितं लोक ऱ्हात्यात काय?"

"राहत नाहीत. बेट जहाजाच्या कंपनीचंच आहे. फक्त प्रवाशांसाठी."

"म्हंजे नुस्ता थांबा हाय, गाव न्हाई. खोडा."

मी खोडलं. अशी अकरा ठिकाणं खोडली. शेवटी उरलं श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली. चेन्नईहून निघणारं एक लहान जहाज तिथं रात्रभर थांबणार होतं. त्या दिवशी दुसरं जहाज नाही. धक्क्यापासून गाव चालत जाण्यासारखं.

"कानडी चालंल का तितं?" तात्यांना सीमेकडच्या प्रवाशांमुळे कानडी येत होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

"तमिळ आणि सिंहली बोलतात."

"बगू. जेवला का एवढं कुटल्या बी भाषेत कळतंय."

मुक्कामाचं एवढं काय, हे मी त्यांना तेव्हा विचारलं. ते पहिल्यांदा पाठ टेकून बसले.

मुक्कामी गाडी म्हणजे दिवसाची शेवटची. ती संध्याकाळी आडगावात पोचते, तिथंच राहते आणि पहाटे लोकांना घेऊन परत फिरते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीत नाहीतर गाडीतच झोपतात. तात्या रहिमतपूरच्या बाजूला, इस्लामपूरच्या बाजूला, जिथं बदली होईल तिथं मुक्कामी ड्यूटी मागून घ्यायचे. गाडी थांब्यावर लागली की कुणीतरी उभं असायचंच. आलासा का मास्तर, उशीर केलासा. मग कुणाच्या तरी घरची भाकरी, कोरड्यास, हिरव्या मिरचीचा ठेचा. तात्या तालुक्याहून त्यांची औषधं आणायचे, शाळेच्या पोरांच्या वह्या आणायचे, एकदा तर नवरीचा चुडा आणला होता.

"म्हैन्यातल्या वीस राती मी लोकांच्यात जेवलो," ते म्हणाले. "आनी ही घरात एकटी. मी म्हनायचो, ड्यूटी हाय. ड्यूटी मीच मागून घ्यायचो, त्ये तिला ठाव न्हवतं." नकाशाची घडी नीट करत ते पुढे म्हणाले, "आता तिनीसांजेला घराचं कुलूप मीच काडतो. आलासा का, म्हनाय कोन न्हाई."

त्यांना देश बघायचा नव्हता, जहाज बघायचं नव्हतं. दिवस मावळताना कुठंतरी उतरावं आणि कुणीतरी आलासा का म्हणावं, एवढंच हवं होतं. हे मला ऐकू आलं होतं. पण मी ते रकान्यात बसवलं. 'रात्रीचा मुक्काम' यापुढे 'आवश्यक' असं लिहिलं आणि बुकिंग करून टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी ते सामानाची यादी तपासून घ्यायला आले. पासपोर्ट, गोळ्या, जाड मोजे, सगळं ठीक. पिशवीत दोन किलो बेदाणेही होते, गावाकडच्या द्राक्षं वाळवायच्या शेडवरचे.

"एवढे बेदाणे कशाला, तात्या?"

"मुक्कामाला मोकळ्या हातानं जात्यात व्हय?"

मी हसले आणि यादीवर टिक केली. तिथंच माझं चुकलं.

त्रिंकोमालीला जहाज लागलं त्या संध्याकाळी सव्वासातला मला फोन आला. मी ऑफिस आवरत होते. तात्यांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता.

"मॅडम, हितं कोन आलं न्हाई."

"कोण यायचं होतं? गाईड?"

"न्हाई वो. गावातलं कोन."

मला दोन क्षण समजलंच नाही. मग समजलं. बाकीचे प्रवासी उतरून, बाजारात फिरून जहाजावर जेवायला परत गेले होते. तात्या बंदराच्या फाटकाबाहेर एका बाकावर बेदाण्यांची पिशवी मांडीवर घेऊन साडेचारपासून बसले होते. जहाज मुक्कामाला आलं आहे, तेव्हा गावातलं कुणीतरी चौकशीला येईल, असं ते धरून चालले होते. मीच त्यांना मुक्काम आहे म्हणून सांगितलं होतं. चार दुपारी बसून आम्ही दोघं तोच शब्द बोलत होतो आणि त्यांच्या मुक्कामात माणसं होती, माझ्या मुक्कामात नुसते तास.

"तात्या, जहाजावर जेवण नऊपर्यंत असतं. तुम्ही वर जा."

"जेवनाचं न्हाई वो."

फोनवर मागून रिक्षांचे आवाज येत होते. ते म्हणाले, "एक ध्यानात आलं, मॅडम. ती लोकं माझ्यासाठनं येत न्हवती. गाडीसाठनं येत हुती. गाडीत कोन बी मास्तर असता तरी त्याला भाकरी दिली असती. मी आपलं एकतीस वर्सं समजत ऱ्हायलो, की माझीच वाट बगत्यात." मग म्हणाले, "माझी वाट बगनारं एकच मानूस हुतं."

मी घाईनं म्हणाले, "तुम्ही परत याल ना सांगलीला, तेव्हा मी येते स्टँडवर. मी उभी असेन."

"कशाला तरास."

"त्रास कसला? चार मिनिटांवर तर आहे. येतेच मी."

"बरं," ते म्हणाले. मग, "बरं हाय," असं पुन्हा म्हणाले.

परतीची त्यांची गाडी शनिवारी संध्याकाळी सहाला सांगलीत पोचणार होती. मी ते डायरीत लिहिलं, फोनवर गजर लावला. साडेपाचला एक कुटुंब आलं, अकरा माणसं, चारधामला जायचं, आजोबांना पायऱ्या चढवत नाहीत, सुनेला वेगळी खोली हवी. गजर वाजला तो मी बंद केला. दहा मिनिटांनी जाऊ म्हटलं. मग त्यांच्या घोड्यांचा आणि डोलीचा प्रश्न निघाला. ते उठले तेव्हा साडेसात होऊन गेले होते. मी धावत स्टँडवर गेले. फलाटावर उसाचा रसवाला गाडा आवरत होता. तात्यांच्या गावाकडची गाडी नुकतीच सुटली, असं चौकशीच्या खिडकीवरच्या माणसानं सांगितलं.

सोमवारी अडीचला तात्या आले. उभ्यानंच सगळा अहवाल दिला, मी सगळ्यांना विचारते त्या क्रमानं. दुसऱ्या दिवशी ते गावातल्या बसस्टँडवर जाऊन बसले होते. तिथला कंडक्टरही तिकिटं दोन बोटांत धरतो, म्हणाले. बेदाणे फाटकावरच्या पहारेकऱ्याला दिले. तो 'कशाला' म्हणाला, तात्या 'खा' म्हणाले. गाव चांगलं आहे, देऊळ टेकडीवर आहे, म्हाताऱ्या माणसाला चढण झेपते, लिहून घ्या. मी लिहून घेतलं. मग मला राहवलं नाही.

"तात्या, परवा मी येणार होते."

"व्हय की."

"किती वेळ थांबलात?"

"दीड तास. दुसरी गाडी सोडली एक. म्हनलं, मॅडम येतील आनी मी दिसायचो न्हाई."

"गिऱ्हाईक आलं होतं. अकरा माणसं. मला उठता आलं नाही."

ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आवं, त्यात काय. ड्यूटी सोडून कसं यायचं. मी बी कवा गेलो न्हाई." ते खुर्चीवर बसले, पाठ टेकून. "ही दारात उबी असायची, आसं शेजारची सांगायची. मला वाटायचं, दारात उबं ऱ्हायला काय लागतंय. परवा स्टँडवर कळलं. पाय लय दुखत्यात, मॅडम."

त्यानंतर मी त्यांना दोन नवी ठिकाणं सुचवली. नको म्हणाले. पण महिन्यातून एकदा दुपारी यायचे, माझ्या नकाशावरची गर्दीची बंदरं अंगठ्यानं झाकून दुसऱ्या गिऱ्हाइकांना प्रश्न विचारायचे. इस्लामपूरच्या एका जोडप्यानं त्यांच्या सांगण्यावरून लहान बंदर निवडलं आणि परत येऊन तात्यांना भेटायला पेढे घेऊन आलं. त्या दिवशी तात्या आले नव्हते. पुढच्या महिन्यातही आले नाहीत. फोन करायचा, असं मी दोनदा लिहून ठेवलं होतं.

केला तो त्यांच्या मुलानं. गावाहूनच बोलत होता. वडील झोपेतच गेले, दिवसकार्यही झालं. कपाट आवरताना पासपोर्टमध्ये माझं कार्ड सापडलं, म्हणून कळवतो आहे, म्हणाला. शनिवारपर्यंत तो गावीच असणार होता.

शुक्रवारी मी ऑफिस चारलाच बंद केलं. दारावर कागद लावला नाही, कुणाला कळवलंही नाही. त्यांच्या गावाला जाणारी शेवटची गाडी धरली. कवठे महांकाळनंतर गाडीत आम्ही सहा जण उरलो, मग तीन, शेवटी मी एकटी. गाव आलं तेव्हा उजेड सरत होता. थांब्यावर कुणी नव्हतं. ड्रायव्हरनं गाडी देवळापाशी लावली. तरुण कंडक्टर मागच्या सीटवर बसून घरून आणलेला डबा उघडत होता.

"कुणाकडं जायचंय, मॅडम?"

"दत्तूतात्यांकडे. तुमच्यातलेच होते, कंडक्टर."

त्यानं डब्याचं झाकण परत लावलं. "आवं, ते गेलं की."

"माहीत आहे," मी म्हणाले. "मला यायला उशीर झाला."